आग चार सेकंदच का टिकते?
खेळातली महाभूतं आणि त्यांच्या अवस्था

पावसातून, फाटकाच्या गर्दीतून वाट काढून तुम्ही आलात, आणि बरेच जण आपापल्या घरून ऐकताहेत, त्या सगळ्यांचे आभार. आजचा विषय जाहीर झाला तेव्हा इथल्या एका जुन्या श्रोत्यांनी मला स्टेशनवर गाठलं आणि विचारलं, "सर, मागच्या वेळी कणाद, या वेळी व्हिडिओ गेम? तब्येत बरी आहे ना?" (हशा) तब्येत बरी आहे. आणि कणादही सोडलेला नाही. तो याच व्याख्यानात पुन्हा भेटेल.

विषय असा: ज्यांना ॲक्शन रोल-प्लेइंग गेम म्हणतात, त्या खेळांमध्ये आग, पाणी, बर्फ, वीज अशी तत्त्वं असतात आणि ती शत्रूवर किंवा तुमच्यावर काही 'स्टेटस' लावतात. आपल्या पिढीला स्टेटस म्हटलं की व्हॉट्सअ‍ॅपवर गुड मॉर्निंगचं फूल आठवतं. इथे स्टेटस म्हणजे अवस्था. मी आज 'अवस्था' हाच शब्द वापरणार आहे. तो चांगला शब्द आहे आणि आपल्याकडे वापराविना पडून आहे.

हे खेळ मी माझ्या नातवाकडून शिकलो. तो अकरावीत आहे. एक खेळ त्याच्या फोनवर चालतो. बाकीचे दोन आम्ही डोंबिवलीला माझ्या भाच्याच्या कॉम्प्युटरवर बघितले. मी स्वतः खेळलो तेव्हा दर दोन मिनिटांनी मेलो. त्यामुळे खेळाडू म्हणून माझं मत घेऊ नका. तीस-पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस नियम वाचू शकतो, तेवढ्याच अधिकारात बोलतो आहे.

पहिली गोष्ट, अवस्था म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. खेळात एक असतो फटका. तलवार लागली, शंभरातले दहा गुण गेले, विषय संपला. फटका ही घटना आहे. दुसरी असते अवस्था. तुम्ही पेटलात. आता दर क्षणाला थोडं थोडं कमी होत राहणार. किंवा तुम्ही गारठलात, म्हणजे तुमचं काहीच गेलं नाही, पण तुम्ही मंद झालात. किंवा विजेचा झटका बसला, आणि आता पुढचा प्रत्येक फटका तुम्हाला जास्त लागणार. या शेवटच्या प्रकाराकडे लक्ष द्या. ही अवस्था स्वतः काहीच इजा करत नाही. ती फक्त तुम्हाला इजेला उघडं पाडते. फटका 'काय झालं' ते सांगतो. अवस्था सांगते, 'आता तुम्ही कोण आहात'. भिजलेला माणूस आणि कोरडा माणूस यांना एकच तार वेगळी लागते. दिव्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको. पावसाळ्यात आपण पोरांना लोखंडी खांबाला हात लावू देत नाही, ते याच कारणाने.

आता ही अवस्था लागते कशी? मला तीन पद्धती दिसल्या आणि तीन खेळांत त्या स्वच्छ वेगळ्या दिसतात.

पहिली पद्धत शक्यतेची. 'पाथ ऑफ एक्झाइल' नावाचा न्यूझीलंडमध्ये तयार झालेला खेळ आहे, २०१३ सालचा. त्यात मुख्य तीन तत्त्वं: आग, थंडी, वीज. आगीच्या फटक्याने शत्रू पेटण्याची काही टक्के शक्यता असते. पेटला तर मूळ नियमाप्रमाणे चार सेकंद जळतो. थंडीने तो मंदावतो, जास्त जोरात लागली तर पूर्ण गोठतो. विजेने त्याला पुढचे फटके जास्त लागतात, आणि ती वाढ साधारण पन्नास टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. इथे एक शहाणा नियम आहे. गारठा किंवा झटका किती, हे फटका किती मोठा यावर ठरत नाही. समोरच्याच्या एकूण ताकदीच्या मानाने तो किती मोठा यावर ठरतं. बारक्या राक्षसाला गोठवणारी थंडी मोठ्या राक्षसाच्या अंगावर धुक्यासारखी विरून जाते. म्हणजे अवस्था हा हत्याराचा गुण नाही, ती दोघांमधला संबंध आहे. हे तर्कशास्त्राच्या वर्गात समजावायला मला दोन तास लागायचे.

दुसरी पद्धत साठण्याची. 'एल्डन रिंग', २०२२ सालचा, जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीचा, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. यात फासा नाही, पट्टी आहे. थंडीचा प्रत्येक फटका ती पट्टी थोडी भरतो. पट्टी भरेपर्यंत अवस्था म्हणून तुम्हाला काहीच होत नाही. भरली की एकदम हिमदंश: एक मोठा तुकडा गेला, आणि पुढची तीस सेकंदं प्रत्येक फटका वीस टक्के जास्त लागणार. मध्ये थोडा वेळ सांभाळून राहिलात तर पट्टी हळूहळू उतरते. आणखी एक बारकावा असा की शत्रूला एकदा ती अवस्था लागून गेली की दुसऱ्यांदा लावायला जास्त मेहनत पडते. अंगवळणी पडल्यासारखं.

तिसरी पद्धत संयोगाची. 'गेनशिन इम्पॅक्ट', सप्टेंबर २०२० मध्ये आलेला चिनी खेळ. नातवाच्या फोनवर चालतो तो हाच. यात सात तत्त्वं आहेत: आग, पाणी, वीज, बर्फ, वारा, दगड आणि वनस्पती. त्यांची खेळातली नावं पायरो, हायड्रो वगैरे ग्रीकवरून घेतलेली आहेत. इथे एकटं तत्त्व अंगाला नुसतं चिकटून बसतं. खरं काम सुरू होतं दुसरं तत्त्व आल्यावर. पाणी लागलेल्यावर बर्फ आला की तो गोठतो. पाणी आणि वीज एकत्र आली की झटके बसत राहतात, आणि शेजारी उभ्या असलेल्या भिजलेल्यांनाही बसतात. आग आणि वीज भेटली की स्फोट. पाणी आणि वनस्पती भेटली की बी तयार होते आणि फुटते.

शक्यता, साठणं, संयोग. या तीन पद्धती खेळ बनवणाऱ्यांनी हवेतून काढलेल्या नाहीत. आपल्याला काही होतं तेव्हा आपण या तीनच प्रकारांनी त्याची कारणं सांगतो. डास सगळ्यांनाच चावतात, मलेरिया एखाद्याला होतो: शक्यता. मला साखर आहे. डॉक्टर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती एचबीएवनसी तपासणी करायला लावतात, कारण रोजच्या रोज काहीच जाणवत नाही आणि पट्टी मात्र भरत असते: साठणं. आणि खांब एकटा निरुपद्रवी, पाऊस एकटा निरुपद्रवी, दोन्ही मिळून जिवावर बेततं: संयोग. म्हणून म्हणतो, हे खेळ कारणाबद्दल विचार करणारे खेळ आहेत. ते चांगला विचार करतात का, एवढंच टीकाकाराला बघायचं आहे.

गेनशिनचं मला सगळ्यात कौतुक वाटलं ते एका नियमाचं. पेटलेल्यावर पाणी मारलं तर त्या फटक्याचा परिणाम दुप्पट होतो. भिजलेल्यावर आग मारली तर दीडपट. तत्त्वं तीच, क्रम उलटा. बर्फ आणि आगीचंही तसंच आहे: गारठलेल्यावर आग आली तर दुप्पट, पेटलेल्यावर थंडी आली तर दीडपट. म्हणजे आधी कोण होतं आणि नंतर कोण आलं, याने फरक पडतो. आपल्या न्यायशास्त्रात कारणांचे तीन प्रकार सांगतात. ज्यात कार्य राहतं ते समवायी कारण, जसे कापडाचे धागे. त्या धाग्यांचा एकमेकांशी संयोग हे असमवायी. आणि बाहेरून काम करणारं ते निमित्त, जसा विणकर. गेनशिनने हा धडा न शिकता गाठला असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण अंगावर असलेलं तत्त्व आणि त्याला पेटवणारं तत्त्व यांची भूमिका वेगळी असते, हा विवेक त्याच्या नियमात आहे.

आता नातवाचा प्रश्न. हा खेळ मला समजावताना तो एके दिवशी थांबला आणि म्हणाला, "आबा, तुमच्या पंचमहाभूतांत बर्फ का नाही? आणि यांच्यात आकाश का नाही?"

मंडळी, मी अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह इतकी वर्षं शिकवला. आठल्ये आणि बोडसांची १८९७ ची मुंबई आवृत्ती माझ्या कपाटात आहे, पानं पिवळी पडलेली. हजारभर मुलांनी तो परीक्षेपुरता पाठ केला. हा प्रश्न मला एकानेही विचारला नव्हता. मी सांगितलं, उद्या सांगतो. आणि खरोखर रात्री पुस्तक काढून बसलो.

वैशेषिकांचं उत्तर असं. थंड स्पर्श हा पाण्याचा स्वतःचा गुण. उष्ण स्पर्श तेजाचा. पृथ्वी आणि वायू दोन्हींचा स्पर्श थंडही नाही, उष्णही नाही. पाणी गरम लागतं तेव्हा पाणी गरम झालेलं नसतं, त्यात शिरलेल्या तेजाचा तो स्पर्श असतो. बर्फ आणि गारा म्हणजे पाणीच, त्याचा द्रवपणा काही कारणाने अडून राहिलेला. म्हणून बर्फ वेगळं भूत नाही. आणि वीज? तीही वेगळी नाही, ते तेजच. गंमत अशी की तेजाचे प्रकार सांगताना विजेचं इंधन पाणी आहे असं तर्कसंग्रह म्हणतो. पावसाळी ढगाकडे बघून कुणी तरी केलेलं हे निरीक्षण आहे. तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनेही थंडपणा हा पाण्याचा आणि पृथ्वीचा गुण मानला, वेगळा पदार्थ नाही. म्हणजे दोन्हीकडच्या जुन्या लोकांचं यावर एकमत: थंडी ही वस्तू नाही, गुण आहे.

आणि आकाश? आकाशाचा गुण शब्द. ते सर्वव्यापी आहे, निष्क्रिय आहे. जे आधीच सगळीकडे आहे ते कुणाच्या अंगावर 'लावता' येत नाही. म्हणून आकाशाची अवस्था होऊ शकत नाही. चार्वाकांनी तर आकाश मानलंच नाही, चार भूतांवर भागवलं. गेनशिनमध्ये सुमेरू नावाचा एक प्रदेश आहे, नाव उघडच आपल्याकडचं, आणि तिथे 'आकाश' नावाची एक यंत्रणा आहे. पण ती लोकांना ज्ञान वाटणारी यंत्रणा आहे, कुणाला गोठवत नाही की जाळत नाही. हे योग्यच झालं.

इथपर्यंत आलं की आपल्या सभांमध्ये एक वाक्य हमखास येतं: "बघा, आपल्याकडे हे सगळं आधीच होतं." मी ते म्हणणार नाही. काही जुळतं, त्याचा आनंद आहे. गेनशिनमधला वारा स्वतः कुठलीच अवस्था लावत नाही, आग, पाणी, वीज, बर्फ यांतलं जे भेटेल ते उचलून आजूबाजूला पसरवतो. आणि वैशेषिकांचा वायूही स्वतः ना थंड ना उष्ण. छान. पण जुळण्याचं कारण शेनझेन किंवा शांघायमध्ये कुणी कणाद वाचला हे नाही. दोघांनीही वारा अनुभवलेला होता, एवढंच. डंपिंगला आग लागली की धुराचा वास कुठल्या बाजूने येणार, हे ज्याला वारा बघून ठरवावं लागलं, त्यालाही ते कळतं.

आणि जिथे जुळत नाही, तिथेच खरं शिकायला मिळतं. खेळांनी थंडी आणि वीज वेगळी का काढली? १९७४ मध्ये अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद-पेन्सिल-फाशांचा खेळ आला, त्यात आगीचा गोळा आणि विजेचा झोत ही जादू होती. २००० सालच्या 'डायब्लो टू'मध्ये जादूगारणीच्या विद्येच्या तीन शाखा होत्या: आग, थंडी, वीज. तेव्हापासून ही त्रयी चालत आली आहे. आपल्या पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० मध्ये 'राजी' हा खेळ काढला. राजस्थानी वळणाचे महाल, भावाला शोधायला निघालेली मुलगी, दुर्गा आणि विष्णूंनी दिलेली आयुधं. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या खेळासाठीच्या पुरस्काराचं नामांकन त्याला मिळालं. अभिमानाची गोष्ट. पण देवांनी दिलेल्या आयुधांना जोडायच्या शक्ती कुठल्या? वीज, आग, बर्फ. तीच त्रयी. पंचमहाभूतं नाहीत. गोष्ट आपली, चित्रं आपली, आणि नियम मात्र 'डायब्लो'च्या वळणाचे. ही तक्रार नाही, लक्षण आहे. गोष्टीपेक्षा नियम जास्त दूरवर प्रवास करतात आणि त्यांच्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं.

मग या त्रयीत एवढी ताकद कसली? मला सुचलेलं उत्तर सांगतो. भाजणं, गारठणं, शॉक बसणं. जगात काय काय आहे याची ही यादी नव्हे. शरीराला काय काय होऊ शकतं याची ही यादी आहे. आपल्या दर्शनांनी भूतं मोजली ती इंद्रियांवरून: नाकाला गंध, म्हणून पृथ्वी, जिभेला रस, म्हणून पाणी, डोळ्यांना रूप, म्हणून तेज, त्वचेला स्पर्श, म्हणून वायू, कानाला शब्द, म्हणून आकाश. खेळांनी तत्त्वं मोजली ती जखमांवरून. आपली वर्गवारी जाणणाऱ्या शरीराची, यांची दुखावणाऱ्या शरीराची. बर्फ जाणण्यासाठी वेगळं इंद्रिय लागत नाही, म्हणून तो महाभूत नाही. पण बर्फाने होणारी इजा आगीच्या इजेपेक्षा वेगळी असते, म्हणून तो खेळात तत्त्व आहे. नातवाला दुसऱ्या दिवशी हे सांगितलं. तो म्हणाला, "लॉजिकल आहे." माझ्या निवृत्तीनंतर मला मिळालेलं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्रक. (हशा)

सगळेच नियम असे सरळ नाहीत, हेही सांगायला हवं. गेनशिनमध्ये बर्फ आणि वीज एकत्र आली की 'सुपरकंडक्ट' होतं आणि शत्रूची साध्या हत्यारांपासून वाचण्याची क्षमता बारा सेकंदांसाठी चाळीस टक्क्यांनी घटते. १९११ मध्ये कॅमर्लिंग ओनेस यांनी पारा अतिशय थंड केला आणि त्याचा विजेला होणारा विरोध नाहीसा झालेला पाहिला, ती ही अतिवाहकता. तिथे विरोध विजेला होता. इथे घटतो तलवारीला होणारा. 'विरोध' या शब्दावर केलेली ही कोटी आहे. कोटी वाईट नसते, पण तिला कारण म्हणू नये. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत असं लिहिलं असतं तर मी अर्धा गुण कापला असता.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. यादी जखमांची आहे ना? मग जखमेचं सगळ्यात महत्त्वाचं लक्षण यात कुठे आहे? जखम खूण ठेवते. इथे आग चार सेकंद टिकते आणि पाचव्या सेकंदाला तो माणूस कधी पेटलाच नव्हता असा उभा असतो. गुण गेलेले असतील, ते औषधाने भरतात. पेटल्याचा मागमूस नाही. गेनशिनमध्ये गवत पेटतं, फार सुंदर पेटतं, आणि नंतर येऊन बघावं तर तिथे पुन्हा तेच गवत.

इथे मला आपल्या परंपरेतला एक जुना वाद आठवतो. कच्चं मडकं आव्यात घातलं. काळं होतं, लाल होऊन बाहेर आलं. ही लाली आली कशी? वैशेषिक म्हणाले, उष्णतेने मडकं परमाणूंपर्यंत विस्कटतं, प्रत्येक परमाणूचा रंग बदलतो, आणि ते पुन्हा जुळून नवं मडकं होतं. याला पीलुपाक म्हणतात. नैयायिक म्हणाले, छे, मडकं तसंच्या तसं राहतं, अख्ख्याचाच रंग बदलतो. याला पिठरपाक म्हणतात. नैयायिकांचा युक्तिवाद साधा होता: आव्यात डोकावलं तर मडकं दिसतं की जागेवर, आणि त्याच्यावर ठेवलेलं दुसरं मडकं काही खाली पडत नाही. शतकानुशतकं हे भांडले. आजच्या रसायनशास्त्रापुढे दोघांचाही तपशील टिकणार नाही. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं आणि ती टिकते: भाजलेलं मडकं कच्चं होत नाही. तेजाच्या संयोगाने आलेला गुण तेज निघून गेलं तरी राहतो. गरम पाणी आणि भाजलेलं मडकं यांत त्यांनी फरक केला. गरम पाण्याची उष्णता उसनी असते, ती परत जाते. मडक्याची लाली त्याची झालेली असते.

माझा आक्षेप या भाषेत एका वाक्यात सांगता येतो. खेळातल्या सगळ्या अवस्था गरम पाण्यासारख्या आहेत, भाजल्या मडक्यासारखी एकही नाही.

'एल्डन रिंग'ला हे कळलेलं आहे, असं मला वाटतं, आणि म्हणून तिथे विसंगती जास्त टोचते. त्यात लाल कुज नावाची एक अवस्था आहे, विषाची थोरली बहीण. मलेनिया नावाची योद्धी जन्मापासून ती कुज अंगात घेऊन जगते. तिची आणि राडान या सेनानीची लढाई झाली, त्यात ती कुज फुटली आणि केलिड नावाचा अख्खा प्रदेश नासला. आकाश लाल, झाडं विद्रूप, जनावरं सडलेली. लढाई संपून किती तरी काळ लोटला, अवस्था गेलेली नाही. हे भाजलेलं मडकं आहे. आणि त्याच केलिडमध्ये माझ्या नातवाला ती कुज लागली तेव्हा त्याने पिशवीतून एक गोळी काढून खाल्ली आणि तो बरा झाला. मी विचारलं, "अरे, ही गोळी त्या मलेनियाला का नाही देत?" तो हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. गोष्ट सांगते की काही अवस्था आयुष्य खातात. नियम सांगतो की गोळी आहे. गोष्टीवर विश्वास ठेवायचा की नियमावर? खेळणारा हात नियमावरच विश्वास ठेवतो.

आता जरा घरचं बोलतो. विषयाला सोडून नाही.

२०२१ च्या जानेवारीत माझ्या पत्नीला पक्षाघाताचा झटका आला. डावा हात गेला. त्या वेळी नातू सहावीत होता. शाळा फोनवर, खेळही फोनवर. तिला घरी आणल्यावर तो बराच वेळ पलंगाशी उभा राहिला आणि मग बाहेर येऊन मला म्हणाला, "आबा, आजीचा हात किती वेळ असा राहणार?"

'किती दिवस' नाही, 'किती वेळ'. त्याच्या खेळात अवस्था लागली की चित्र येतं आणि ते सरकत संपतं. तो आजीच्या उशाशी ते चित्र शोधत होता. मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा मला खेळाचा राग आला, हे कबूल करतो. वाटलं, या पोराला यांनी काय शिकवून ठेवलंय. पुढे काही महिने हाताला व्यायाम देणाऱ्या बाई घरी यायच्या. एकदा बोटं थोडी हलली, मग कित्येक आठवडे काहीच नाही, मग अंगठा. आणि माझ्या लक्षात आलं की मी रोज त्यांना दारात गाठून तोच प्रश्न विचारत होतो. फक्त मोठ्या माणसाच्या शब्दांत. "साधारण कधीपर्यंत?" त्या म्हणायच्या, "काका, तारीख नसते." मीही उशाशी तेच चित्र शोधत होतो. मला ते कुठल्या खेळाने शिकवलं होतं?

म्हणून माझा आक्षेप मी आता थोडा खाली आणतो. अवस्थेला मुदत असावी, ही इच्छा खेळांनी निर्माण केलेली नाही. ती आपलीच, फार जुनी आहे. खेळ ती पुरवतात. त्यात पाप नाही. पण ज्याने जखमांची यादी एवढ्या बारकाईने केली, क्रमाचा फरक ओळखला, साठणं आणि संयोग वेगळे केले, त्याने इथेच डोळे मिटावेत, याचं टीकाकाराला वाईट वाटतं. एखादी तरी अवस्था अशी का नसावी, जी जात नाही, पण जिच्यासह खेळता येतं? डावा हात नसलेला योद्धा वेगळा लढेल. हरलेला नसेल, वेगळा असेल.

हे मी परवा नातवाला म्हटलं. तो म्हणाला, "आबा, मग दर वेळी नवीन गेम सुरू करावा लागेल. कोण खेळेल?" बरोबर आहे त्याचं. खेळ म्हणजे कच्ची माती. ती आपण मुद्दाम भाजत नाही, कारण पुन्हा मोडून घडवायची असते. चुकायची परवानगी हवी असेल तर खूण राहून चालत नाही. हे मी मान्य केलं. मग तोच थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "पण एक असायला हवी होती. एखादीच."

ज्यांच्या घरी मुलं हे खेळ खेळतात, त्यांना माझं एवढंच सांगणं. त्यांना खेळ बंद कर म्हणण्याआधी विचारा की ही अवस्था कशाने लागली, आधी काय होतं, नंतर काय आलं, आणि ती गेल्यावर मागे काय उरलं. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं ती तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली देतील. चौथ्यापाशी थांबतील. तिथे आपण बसायचं.

सौभाग्यवती समोरच्या रांगेत बसल्या आहेत. डाव्या हातात छत्री धरली आहे, उघडता येत नाही अजून, पण धरता येते. बाहेर पाऊस वाढलाय आणि काही जणांना लोकल गाठायची आहे, तेव्हा थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.